पर्फमध्ये असेंब्ली दिसते, आपला कोड दिसत नाही: इंदूरच्या एका छोट्या ऑफिसातलं प्रकरण

आमचं ऑफिस इंदूरला राजेंद्रनगरात, माणसं मोजकीच, आणि ज्या प्रोग्रामचं हे प्रकरण आहे तो पीथमपूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या सर्व्हरवर चालतो. काम तसं साधं, दिवसभराचे ट्रकचे जीपीएस पॉइंट रात्री वाचायचे, कुठला ट्रक कुठल्या नाक्याजवळून कधी गेला ते जुळवायचं आणि सकाळी त्यांचं ऑफिस उघडायच्या आत बिलं तयार ठेवायची. सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, उबुंटू २२.०४ च्या डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड होतं. ट्रक वाढले, नाके वाढले, बिलं उशिरा यायला लागली, मग तिकडून फोन आणि इकडे प्रत्येकाची आपापली थिअरी. एक म्हणे लॉग फार लिहितोय, दुसरा म्हणे अंतराच्या फॉर्म्युल्यात साइन-कोसाइन आहेत तेच खातायत, आपण त्यांचं टेबल करून ठेवू. आमच्या ट्रेनीने ते टेबल लिहायला घेतलंच होतं, मी म्हटलं थांब रे बाबा, आधी मोजू.

मोजायला पर्फ, म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठल्या कोडवर जातो ते सांगणारं. लिनक्स कर्नलसोबतच येतं हे टूल, २००९ पासून, २.६.३१ व्हर्जनपासून. पीथमपूरला रात्रीच्या रनवर पर्फ रेकॉर्ड लावला, सकाळी रिपोर्ट बघितला. वरती मॅलॉक, फ्री, मेममूव्ह (मेमरी मागणारी, परत करणारी आणि हलवणारी लायब्ररीतली फंक्शन्स) आणि त्यांच्यात आमचं नाका शोधणारं फंक्शन, ते स्वतःही बऱ्यापैकी वेळ खातंय. साइन-कोसाइन पार खाली. म्हणजे टेबलवाली थिअरी तिथेच संपली, पण मॅलॉकला एवढं बोलावतंय कोण? कॉल ग्राफ (कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी) बघावा तर साखळ्या तुटलेल्या, कारण ऑप्टिमाइज करताना कंपायलर फ्रेम पॉइंटर, म्हणजे ती साखळी शोधायच्या खुणा, ठेवत नाही आणि २२.०४ ची सिस्टिम लायब्ररीसुद्धा त्याशिवायच बिल्ड केलेली असते (उबुंटूने ते २४.०४ पासून डीफॉल्ट चालू केलं). ड्वार्फ (बायनरीत कोडबद्दलची माहिती लिहायचा फॉरमॅट) वापरून साखळी काढता येते, पण मग प्रत्येक सॅम्पलमागे, म्हणजे पर्फ मधेमधे घेतो त्या प्रत्येक नोंदीमागे, स्टॅकचा ८१९२ बाइटचा तुकडा फाइलमध्ये जातो आणि रात्रभराचा रन असेल तर क्लायंटची डिस्क भरायची पाळी. म्हटलं राहू दे, आपल्याच फंक्शनमध्ये कुठल्या ओळीवर टक्के पडतायत तेवढं बघितलं तरी कळेल. फंक्शनच्या नावावर जाऊन ए दाबायचा, ॲनोटेट उघडतं, डावीकडे टक्के आणि उजवीकडे आपला कोड आणि त्याखाली त्याची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरसाठीच्या एकेक इन्स्ट्रक्शन.

उघडलं तर नुसती असेंब्ली. मूव्ह, कंपेअर, जंप. एस दाबला की सोर्स दिसायला-लपायला हवा, तो दाबून दाबून ट्रेनीचं बोट दुखलं, स्क्रीनवर ढिम्म फरक नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. माझा या टूलवरचा मुख्य राग हाच आहे, नसेल मिळत सोर्स तर सांग की बाबा मिळाला नाही म्हणून, पण नाही, गपचूप असेंब्ली दाखवून मोकळं होतं आणि बघणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी बटण चुकतंय.

इथे ट्रेनीचं म्हणणं असं, "ताई, डॅश जी तर दिला होता मी." दिला होता, पण कोणाला? पर्फ रेकॉर्डला दिलेला डॅश जी म्हणजे कॉल ग्राफ घे, आणि जीसीसी कंपायलरला दिलेला डॅश जी म्हणजे बायनरीत (बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलमध्ये) डीबग इन्फो भर, कुठली इन्स्ट्रक्शन कोडच्या कुठल्या ओळीची ते. अक्षर एकच, कामाचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा घोळ मी इतक्या लोकांचा बघितलाय की आता पहिला प्रश्न तोच विचारते. त्याचं दुसरं म्हणणं जास्त पटण्यासारखं होतं, की फंक्शनची नावं दिसतायत ना, मग डीबग इन्फो असणारच. इथे बरेच जण फसतात. नावं येतात सिम्बॉल टेबलमधून, ओळी येतात डीबग लाइन नावाच्या वेगळ्याच सेक्शनमधून, आणि पहिलं असून दुसरं नसणं अगदी रोजचं आहे. वर फाइल कमांड चालवली तर तीही "नॉट स्ट्रिप्ड" म्हणून सांगते, कारण ती तेवढ्यासाठी फक्त सिम्बॉल टेबल बघते. त्याच ओळीत "विथ डीबग इन्फो" असे शब्द आहेत का ते बघायचं असतं. आमच्याकडे नव्हते. रीडएल्फ या बायनरीच्या आतलं दाखवणाऱ्या कमांडने सेक्शनची यादी काढली, त्यात डीबगने सुरू होणारं एकही नाव नाही.

मग बिल्ड स्क्रिप्ट उघडली. सीमेक (बिल्ड करवून घेणारं टूल) रेल-विथ-डेब-इन्फोवर, म्हणजे ऑप्टिमाइज करणारा डॅश ओ टू आणि डॅश जी दोन्ही, एकदम बरोबर. पण शेवटी एक ओळ: पूर्ण बायनरी आर्काइव्हच्या फोल्डरात कॉपी कर, मग स्ट्रिप डीबग करून, म्हणजे डीबग इन्फो छाटून, क्लायंटकडे जाणाऱ्या पॅकेजमध्ये टाक. ओळ टाकणाऱ्याने विचार करून टाकली होती, क्लायंटकडे छोटी फाइल जावी आणि आपला सगळा नकाशा त्यांच्या मशीनवर पडून राहू नये. पूर्ण बायनरी जपून ठेवली होती हे आमचं नशीब, नाहीतर पुन्हा बिल्ड, पुन्हा इन्स्टॉल, पुन्हा एक रात्र.

आता सर्व्हरवरच पूर्ण बायनरी आणि सोर्स ठेवून बघितलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण तिथल्या कॉम्प्युटरवाल्या भियाने स्वच्छ सांगितलं, "कोड-वोड यहाँ मत रखना मॅडम, ऑडिटवाले पूछते हैं." त्याचंही बरोबर. मग ठरलं की पर्फची डेटा फाइल इंदूरला आणू आणि इथल्या लॅपटॉपवर उघडू. त्यासाठी पर्फ आर्काइव्ह आहे, डेटा फाइलमध्ये ज्या ज्या बायनरी आणि लायब्ररींची नोंद आहे त्या सगळ्या गोळा करून एक टार (सगळं एकत्र बांधलेली फाइल) बनवतं, ते इकडे आपल्या होममधल्या डॉट-डीबग फोल्डरात उलगडायचं. एक सांगून ठेवते, रेकॉर्ड सुडोने केलं असेल तर आर्काइव्हसुद्धा सुडोनेच चालवा, कारण तो गोळा केलेला माल रूटच्या होममध्ये पडलेला असतो, तुमच्या नाही.

ट्रेनीने आधी एक शॉर्टकट करून बघितला, लॅपटॉपवरच डॅश जी लावून नवीन बिल्ड केलं आणि जुन्या डेटा फाइलसमोर ठेवलं. काही झालं नाही आणि ते बरंच झालं. प्रत्येक बायनरीत लिंकर एक बिल्ड-आयडी टाकतो, साधारणपणे ४० हेक्स अंकांचा, फाइलच्या मजकुरावरून काढलेला. पर्फ रेकॉर्ड तो नोंदवून ठेवतो आणि नंतर त्याच आयडीची फाइल शोधतो. वेगळ्या मशीनवर, वेगळ्या पाथवर बिल्ड केलं की आयडी बदलला. समजा पर्फने ती नवी फाइल खपवून घेतली असती तर पत्ते सरकले असते आणि टक्के भलत्याच ओळींसमोर दिसले असते, ते तर नुसत्या असेंब्लीपेक्षा वाईट.

म्हणून बिल्ड स्क्रिप्टने आर्काइव्हच्या फोल्डरात ठेवलेली पूर्ण बायनरी आणली. रीडएल्फ डॅश एनने तिचा आयडी बघितला, पर्फ बिल्डआयडी-लिस्टने डेटा फाइलमधला बघितला, चाळीसच्या चाळीस अंक सारखे. डीबग सेक्शन आहेत, आयडी जुळतोय, फाइल त्याच पाथवर ठेवलीये, आता काय राहिलं? ॲनोटेट उघडलं. परत नुसती असेंब्ली.

सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि मला वाटतं कोणाचाही जाईल. जो तो वेगळी फ्लॅग सांगायला लागला, एकाने तर पर्फच नवीन बिल्ड करू म्हणून काढलं. खरा प्रश्न फ्लॅगचा नव्हता, पर्फ नेमकी कुठली फाइल उघडतोय हा होता. पर्फ स्वतः डिसअसेम्बल करत नाही, निदान आमच्याकडच्या व्हर्जनमध्ये तरी नाही, तो मागच्या मागे ऑब्जडम्प या असेंब्ली काढून देणाऱ्या कमांडला हाक मारतो आणि त्याचं उत्तर नटवून दाखवतो. ती हाक बघता येते. ॲनोटेटला स्टँडर्ड आउटपुटवाला मोड द्यायचा आणि सोबत डॅश व्ही, मग बडबडीत एक ओळ सापडते, "एक्झिक्युटिंग", आणि पुढे पूर्ण ऑब्जडम्पची कमांड. त्या कमांडच्या टोकाला आमच्या नव्या बायनरीचा पाथ नव्हताच. होता डॉट-डीबगमधल्या, बिल्ड-आयडीच्या नावाच्या एका फोल्डरातल्या "एल्फ" नावाच्या फाइलचा.

झालं असं. पर्फ रेकॉर्ड संपताना वापरलेल्या बायनरींची एकेक प्रत कॅशमध्ये ठेवतो, हेतू चांगला, उद्या बायनरी बदलली तरी जुना डेटा वाचता यावा. पीथमपूरला कॅशमध्ये गेली ती अर्थातच तिथली छाटलेली बायनरी. पर्फ आर्काइव्हने तीच बांधून इंदूरला आणली. आणि स्ट्रिप केल्याने बिल्ड-आयडी बदलत नाही, लिंकरने एकदा लिहिलेली ती नोट तशीच राहते, मुद्दामच, म्हणजे नंतर डीबग इन्फो वेगळ्या फाइलमधून जोडता यावा. त्यामुळे पर्फच्या दृष्टीने छाटलेली आणि पूर्ण या एकच. दोन भावांनी एकच आधार कार्ड वापरावं तसा प्रकार, दारावरचा माणूस नंबर बघतो, तोंड बघत नाही. ॲनोटेट आधी कॅशमध्ये बघतो, तिथे मिळालं की मूळ पाथवर काय आहे याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

उपाय एका ओळीचा निघाला, पर्फ बिल्डआयडी-कॅशला डॅश यू आणि पुढे पूर्ण बायनरीचा पाथ. यू म्हणजे अपडेट, त्याच आयडीची नोंद कॅशमध्ये असेल तर ती काढून ही बसवतो. नुसतं ॲड करायला जाल तर आधीची नोंद तिथे ठाण मांडून असते. काही जण सरळ आख्खं डॉट-डीबग फोल्डर उडवतात, चालतं तेही, पण मग त्या सर्व्हरवरच्या लायब्ररींच्या प्रतीही जातात आणि मॅलॉक-फ्रीच्या जागी नुसते हेक्स आकडे बघत बसायचं.

यानंतर डॅश व्हीतली ऑब्जडम्पची कमांड उचलून हाताने चालवली. सगळ्यांना माझं सांगणं आहे, पर्फशी भांडू नका, ती कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चालवा, जे पर्फ सांगत नाही ते ऑब्जडम्प सांगतो. आता फंक्शनची नावं आणि मधेमधे सी प्लस प्लसच्या लायब्ररीतल्या हेडरच्या ओळी यायला लागल्या होत्या, पण आमची स्वतःची एकही ओळ नाही. म्हणजे डीबग इन्फो वाचला जातोय, आमची फाइल सापडत नाहीये. खूप जणांचा समज असतो की डॅश जी दिला की सोर्स बायनरीत जातो. तसं नसतं. बायनरीत जातो फक्त पत्ता, की या इन्स्ट्रक्शनची ओळ या फाइलची इतकावी. फाइल डिस्कवरून उघडायची असते, आणि पाथ जो बिल्ड करताना होता तोच लिहिलेला असतो. रीडएल्फने डीबग इन्फो काढून त्यात कॉम्प-डिर, म्हणजे बिल्ड कुठल्या फोल्डरात झालं ते, बघितलं: स्लॅश बिल्ड स्लॅश जॉब. कंटेनरमधला पाथ, कंटेनर कधीच पुसला गेला. लॅपटॉपवर कोड होममध्ये वर्क नावाच्या फोल्डरात.

यासाठी पर्फ ॲनोटेटला दोन ऑप्शन आहेत, प्रिफिक्स आणि प्रिफिक्स-स्ट्रिप. पाथच्या सुरुवातीची किती फोल्डर कापायची ते दुसऱ्यात सांगायचं, त्याजागी काय लावायचं ते पहिल्यात. आमच्यासाठी दोन कापायची, बिल्ड आणि जॉब, आणि पुढे वर्कचा पाथ. लावलं, आणि आमचा कोड आला! ट्रेनी खुर्चीतून उठलाच. पण बघते तर मघाशी येत होत्या त्या हेडरच्या ओळी आता गायब. ऑब्जडम्प हे कापणं-जोडणं स्लॅशने सुरू होणाऱ्या सगळ्याच पाथना लावतो, त्यात स्लॅश यूएसआर स्लॅश इन्क्लूडवालेही आले, त्यांचीही पहिली दोन नावं कापली गेली आणि ते आमच्या वर्क फोल्डरात शोधले गेले. पूर्वी हे कोणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी दोन्ही ऑप्शन काढून टाकले आणि लॅपटॉपवर रूटमध्ये बिल्ड नावाचं फोल्डर करून त्यात जॉब नावाचा सिमलिंक टाकला, वर्ककडे बोट दाखवणारा. दिसायला जुगाड आहे, पण आमचं आणि हेडरचं दोन्ही एकत्र दिसायला लागलं.

एक अजून, कमिट, म्हणजे गिटमध्ये जपलेली कोडची त्या त्या वेळची आवृत्ती. ज्या कमिटवरून पीथमपूरची बायनरी बिल्ड झाली तोच गिटमधून काढायचा, ताजी ब्रँच ठेवून बघितलं तर ओळी चार-पाचने सरकलेल्या दिसतात आणि टक्के एखाद्या कॉमेंटसमोर. ऑब्जडम्प यावर कुरकुर करतो, की सोर्स फाइल ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवीन आहे, पण त्या कुरकुरीवर फार जाऊ नका, गिटने आत्ता काढलेल्या प्रत्येक फाइलची वेळ आत्ताचीच असते, त्यामुळे बरोबर कमिट असला तरी ती येते. ड्वार्फच्या व्हर्जनचंही बघून घेतलं होतं, जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, डीफॉल्ट ड्वार्फ ५ झालं आणि जुन्या मशीनवरचा जुना ऑब्जडम्प ते नीट वाचत नाही. आमच्याकडे दोन्हीकडे २२.०४, तो प्रश्न आला नाही.

आता मुळात जे बघायचं होतं ते. असेंब्लीत आम्हाला आधीपासून एक इन्स्ट्रक्शन खटकत होती, कुठलीतरी किंमत हेक्स एफशी, म्हणजे १५ शी ताडून बघायची आणि मोठी असेल तर उडी. पंधरा कशाचे? आमच्या कोडमध्ये १५ आकडा कुठेच नाही. सोर्स आल्यावर त्या इन्स्ट्रक्शनच्या डोक्यावर आधी हेडरमधली स्ट्रिंग कॉपी करायची ओळ आणि तिच्यावर आमचा लूप: फॉर, कंसात ऑटो एन, कोलन, नाके. ऑटोच्या पुढे अँपरसँड नाही. म्हणजे प्रत्येक जीपीएस पॉइंटसाठी, यादीतल्या प्रत्येक नाक्याची आख्खी प्रत काढायची, त्यात नाक्याचं नावही आलं, अंतर मोजायचं आणि प्रत फेकून द्यायची.

पंधराचं उत्तरही तिथेच. जीसीसीच्या लायब्ररीतली स्ट्रिंग १५ बाइटपर्यंतचा मजकूर स्वतःच्या पोटातच ठेवते, त्याहून मोठा झाला की मॅलॉक. इंग्रजी नावं असती तर बहुतेक त्यात मावली असती आणि कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण बिलं हिंदीत निघतात म्हणून नाक्यांची नावं देवनागरीत, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, ३ बाइट. राऊ, महू मावतात, ९ बाइट. देवास बरोब्बर १५, काठावर पास. सांवेर १८, पीथमपुर २१, गेले मॅलॉककडे. ट्रेनीने पाटीवर सगळ्या नाक्यांचे बाइट मोजायला घेतले, मी पण थांबवलं नाही, मजाच होती ती.

टक्के वाचताना एक भान ठेवावं लागतं. सॅम्पल घेणारा इंटरप्ट जरा उशिरा पोचतो, म्हणून भार ज्या इन्स्ट्रक्शनचा असतो तिच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनसमोर आकडा दिसू शकतो. आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा लूपमधल्या एका फालतू मूव्हसमोर होता, तिच्या आधी अंतराच्या हिशोबातला भागाकार होता. रेकॉर्ड करताना इव्हेंटच्या, म्हणजे जे मोजायचं त्याच्या, नावामागे पीपी लावून घेतलं तर हे बरंच कमी होतं, प्रोसेसरने साथ दिली तर.

लूपमध्ये कॉन्स्ट आणि अँपरसँड टाकला. पुढच्या रनच्या रिपोर्टमध्ये मॅलॉक-फ्री खाली गेले, अंतराचा हिशोब वर आला, बिलं वेळेत यायला लागली. साइन-कोसाइनच्या टेबलचा विषय ट्रेनीने परत काढला आहे आणि आता त्याच्यात थोडं तथ्य आहे.

बिल्डचं आम्ही काय केलं ते सांगते. स्ट्रिपची ओळ काढा असं अर्ध्या ऑफिसचं मत होतं, मी काढू दिली नाही, क्लायंटकडे छाटलेलीच बायनरी जावी. फरक एवढा केला की ऑब्जकॉपीच्या ओन्ली-कीप-डीबगने डीबग इन्फो वेगळ्या फाइलमध्ये काढायचा आणि बिल्ड-आयडीच्या नावाने ऑफिसच्या डिस्कवर ठेवायचा, पूर्ण बायनरी आणि कमिटचा नंबर त्याच्याच शेजारी. डीबगइन्फोडी नावाचा सर्व्हर असतो, २०१९ पासून एल्फयुटिल्ससोबत येतो, आयडी दिला की फाइल काढून देतो, पण आमच्याएवढ्या ऑफिसला फोल्डर पुरतं. कंटेनरमध्ये फाइल-प्रिफिक्स-मॅप लावून पाथ आधीच बदलून टाकावा असं एक जण म्हणाला, पण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कोड वेगळीकडे, मग कोणाचा पाथ लिहायचा? त्यापेक्षा सगळ्यांनी आपापल्या मशीनवर तो बिल्ड-जॉबवाला सिमलिंक टाकून घेतला. जीपीएसच्या डब्याच्या कंपनीने दिलेली लायब्ररी मात्र अजून नुसत्या असेंब्लीतच दिसते, तिचा डीबग इन्फो त्यांनी दिला तर दिला, आम्ही मागून ठेवलाय.